सी ब्लॉकखालचं पाताळ

दिल्लीच्या पहाडगंजातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या वासंती दिघे यांचं एका इंग्रजी शब्दाशी जुनं वाकडं होतं. तो शब्द म्हणजे ‘अबिस’. अर्थ, तळ नसलेला खड्डा. दहावीला वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ शिकवायची वेळ आली की बाई फळ्यावर हाच शब्द लिहीत. बाहेर गल्लीत हॉटेलांचे दलाल स्टेशनातून आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना हाका मारत असत, त्यांच्यावर आवाज चढवून बाई सांगत, “वाच्यार्थाच्या अबिसमध्ये माणूस पडला तर तो मरतो. लक्ष्यार्थाच्या अबिसमध्ये पडला तर चार वाजता चहा पितो. परीक्षेत फरक विचारला तर एवढं लिहा.”

मुलं याहून बरं लिहीत. विलास कोरगावकर नावाच्या एका विद्यार्थ्याने ‘डब्याच्या सुट्टीआधी माझ्या पोटात अबिस असतो’ असं वाक्य केलं होतं. बाईंनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, कारण त्याने निदान आत डोकावून बघितलं होतं.

बाईंची तक्रार शब्दावर नव्हती, तो वापरणाऱ्यांवर होती. एक्याण्णव साली दिल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी अबिस झाला. देश अबिसच्या काठावर, रुपया अबिसच्या काठावर. लक्ष्मीबाईनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये श्याम दिघे, म्हणजे बाईंचे यजमान, सकाळचा पेपर मोठ्याने वाचत आणि बाई पोळ्या लाटता लाटता ऐकत.

“आपल्याकडे रसातळाला जायला रस्ता तरी आहे,” त्या एकदा म्हणाल्या. “माणसं वर्षानुवर्षं जात असतात. पोचल्याचं कुणी कळवत नाही, ते सोडा. इंग्रजीत नुसता काठच आहे. सगळे काठावर उभे. पडत कुणीच नाही.”

“अगं, हे अर्थशास्त्र आहे,” श्यामराव म्हणाले.

“वाकून बघितलं का कुणी?”

श्यामराव अवर श्रेणी लिपिकापासून चढत सेक्शन ऑफिसर झाले होते. अख्ख्या नोकरीत त्यांनी कशातही वाकून बघितलं नव्हतं आणि म्हणूनच त्यांचा गोपनीय अहवाल दर वर्षी उत्तम येई. त्यांनी पान उलटलं.

देश पडला नाही. वर्ष-दोन वर्षांत करोल बागेत रंगीबेरंगी दुकानं आली, शेजारच्या चंद्रप्रभाबाईंकडे केबल आली, आणि ज्यांनी आयुष्यभर सरकारी क्वार्टरला आपलं घर मानलं होतं त्यांना एकाएकी मालकीच्या फ्लॅटची स्वप्नं पडू लागली. दिघ्यांना स्वप्नाची चैन परवडण्यासारखी नव्हती. त्यांना फ्लॅट हवाच होता. श्यामराव पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यानंतर क्वार्टर सोडायचं. साताऱ्याचं घर भावांच्या वाटणीत गेलेलं, मुलगी कृतिका बंगलोरला. तीस वर्षं दिल्लीत काढून दिल्लीत डोकं टेकायला जागा नाही, अशी ती गत होती.

आशा एकच होती. दिल्लीतल्या मराठी नोकरदारांनी मिळून काढलेली ‘सज्जनगड सहकारी गृहनिर्माण संस्था’. यमुनेपलीकडे मयूर विहारच्या बाजूला संस्थेला अखेर जमीन मिळाली. ए, बी आणि सी अशा तीन इमारतींचे नकाशे झाले. दिघ्यांचा फ्लॅट सीमध्ये आला. बाईंनी नकाशावरच्या त्या एवढ्याशा चौकोनात मनातल्या मनात ओटा कुठे, देव्हारा कुठे, हे ठरवूनही टाकलं.

संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब पारसनीस निवृत्त जॉइंट सेक्रेटरी होते. गोरेपान, उंच, आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्याला घसा साफ करून इंग्रजीत शिरणारे. अबिस हा त्यांचा लाडका शब्द. दिल्लीतल्या मराठी पोरांचं मराठी अबिसमध्ये गेलं होतं, भजनी मंडळाची शिस्त अबिसमध्ये गेली होती, गुळाच्या पोळ्यांची क्वालिटी तर संक्रांतीगणिक तिकडेच चालली होती. त्यामुळे आपल्या स्वतःच्या प्लॉटवर खराखुरा अबिस आहे हे कळलं तेव्हा त्यांना धक्का बसला असेल, पण आनंदही झाला असणार.

झालं असं. प्लॉटच्या एका टोकाला, नेमकी सी ब्लॉकच्या जागी, जुन्या शेतातली एक विहीर निघाली. भोवती झाडोरा, आत अंधार. कार्यकारिणी पाहणीला गेली. अण्णासाहेबांनी काठापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून एक दगड आत टाकला. सगळ्यांनी कान टवकारले. आवाज आला नाही. दुसरा दगड मोठा घेतला. तरीही नाही.

तिथला चौकीदार हरकेश जवळच्याच गावचा. विहिरीवर वाकलेल्या कडुलिंबाखाली त्याची खाट असे, आणि इमारत झाली तर ती सावली जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तो पुढे होऊन म्हणाला, “बाबूजी, इसका तल ना है. हमारे ताऊ की भैंस गिरी थी इसमें. ओखले में जाके निकली.”

ओखला तिथून कित्येक मैलांवर, यमुनेपार. “जिंदा?” श्यामरावांनी विचारलं.

“दूध दे रही थी.”

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. “जंटलमेन,” ते म्हणाले, “धिस इज ॲन अबिस.”

मग सरकारी माणसांनी सरकारी माणसांसारखं जे करायचं ते केलं. अबिस मिनिट्समध्ये नोंदला. पुढच्या बैठकीत मागच्या बैठकीची मिनिट्स कन्फर्म झाली. मिनिट्सची प्रत आर्किटेक्टला गेली, आणि कॅनॉट प्लेसमधून क्वचितच हलणाऱ्या त्या सद्गृहस्थाने उलट टपाली कळवलं की आपणच म्हणता त्याप्रमाणे खाली तळ नसेल तर वर इमारत बांधता येणार नाही, सी ब्लॉक वगळावा. यात चूक कुणाचीच नव्हती. जो तो आपल्याआधीच्या कागदावर विश्वास ठेवून होता. सी ब्लॉकच्या सभासदांना ‘भविष्यात अन्यत्र’ जागा देण्यात येईल, असा ठराव मांडायचं ठरलं. अनंत चतुर्दशीनंतरच्या सर्वसाधारण सभेत तो मंजूर व्हायचा होता.

श्यामरावांनी ही बातमी घरी आणली तेव्हा बाई लसूण सोलत होत्या.

“आत उतरून कोणी बघितलं?”

“अगं, मिनिट्स कन्फर्म झालीयत.”

“विहिरीला कळवलं का ते?”

श्यामरावांनी पेपर उघडला. बाईंच्या डोळ्यांसमोरून नकाशावरचा चौकोन हलेना. तिथे देव्हारा लावून झाला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली, खलबत्त्यातला पितळी बत्ता तिच्या टोकाला बांधला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला, मयूर विहारला जाऊन येऊ.”

“अध्यक्षांच्या परवानगीशिवाय?”

“बत्ता माझा आहे.”

हरकेश चहाला गेला होता. श्यामराव रस्त्याकडे तोंड करून, आपण कुणाच्याच बरोबर आलेलो नाही अशा थाटात उभे राहिले. बाईंनी पदर खोचला, काठावर आडव्या झाल्या आणि दोरी सोडली. थोडीशीच सुटली असेल, तोच हातात सैल झाली. वर ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा सैल. पाणी हिरव्या जलपर्णीच्या गादीखाली लपलं होतं. मग दगडांचा आवाज यायचा कुठून? गादीवर टाकलेल्या उशीचा येतो का? बाईंनी खुशीत दोरी जोराने खेचली, आणि ती हलकी होऊन वर आली. गाठ सुटली होती. बत्ता खालीच राहिला. माहेरचा होता. पण त्या दिवशी त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

अण्णासाहेबांनी बाईंचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. हीच त्यांची सर्वांत भयंकर सवय होती.

“दिघेवहिनी, तुमची कळकळ मी समजू शकतो. पण तुमची दोरी एखाद्या कडेवर टेकली असणार. अबिसला अशा कडा असतात. लेजेस.”

“तुम्ही पाहिल्यात?”

“ते ऑब्व्हियस आहे. आणि बघा, कमिटीचा निर्णय काय कपडे वाळत घालायच्या दोरीने फिरवायचा?”

संस्थेचा सेक्रेटरी बाजूलाच बसला होता. तोच तो पोटातल्या अबिसवाला विलास कोरगावकर, आता अर्थ मंत्रालयात असिस्टंट. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने टेबलाकडे बघितलं.

जिन्यात तो मागून धावत आला. “बाई, चिडू नका ना यार... सॉरी, म्हणजे चिडू नका. कन्फर्म झालेली मिनिट्स मी कशी उघडू? कोणी सगळ्यांसमक्ष काही दाखवलं तर गोष्ट वेगळी.”

“सगळ्यांसमक्ष,” बाई म्हणाल्या. “बरं.”

त्या वर्षी संस्थेचा गणपती पहिल्यांदाच स्वतःच्या प्लॉटवर बसणार होता. त्याआधी तो लक्ष्मीबाईनगरच्या बारातघरात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, बसे आणि ट्रकमधून यमुनेवर जाई. उत्सवाच्या तयारीच्या बैठकीत बाई शेवटच्या रांगेतून उठल्या. आवाज इतका गोड, की श्यामरावांना तिथल्या तिथे घाम फुटला.

“यमुनेची काय दशा झालीय ते आपण बघतोच. बाप्पाला त्या फेसात सोडताना जीव तुटतो. आपल्या प्लॉटवर अण्णासाहेबांच्या कृपेने स्वतःचा अबिस असताना बाहेर कशाला जायचं? एवढी अथांग जागा दिल्लीत दुसऱ्या कुठल्या मंडळाकडे आहे?”

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. सूचना एकमताने मंजूर झाली. लांबच लांब दोर आणायची जबाबदारी विलासवर आली.

घरी येताना बसमध्ये श्यामराव कुजबुजले, “आणि नाही बुडला तर? अपशकुन म्हणतील लोक. तुझंच नाव घेतील.”

“आणि बुडला तर आपलं घर गेलं.”

“मग तुला काय हवंय?”

दहा दिवस बाई आरतीला उभ्या राहिल्या, टाळ वाजवले, मोदक वळले; पण मनातून त्यांची प्रार्थना काही ठीक नव्हती. देवा, लवकर ये, असं सगळे म्हणत होते. देवा, जाऊ नकोस, असं एखादं लहान मूल म्हणतं. पण बाप्पा, तू बुडू नकोस, असं अनंत चतुर्दशीला म्हणणारी भक्त त्याला यापूर्वी भेटली नसावी. कडेचा विचारही मनातून जात नव्हता. खरंच असली एखादी कड तर? अण्णासाहेब वर्षातून एकदा चुकून बरोबर असत. ती वेळ हीच निघाली तर?

चतुर्दशीचं ऊन कलतीला लागलं होतं. सगळी सोसायटी विहिरीभोवती जमली. दोन दिवसांपूर्वी पाऊस होऊन गेला होता, झाडोरा तोडून काठ मोकळा केला होता. मूर्ती पेणची, शाडूची, हात-दीड हात उंच. ती पाटावर ठेवून पाटाला चारी बाजूंनी दोर बांधले. दोरांची वेटोळी एवढी मोठी होती, की विलासने बहुधा ओखल्यापर्यंतचा हिशेब धरला असावा. अण्णासाहेब रेशमी कुर्त्यात. त्यांनी घसा साफ केला.

“आज आपण बाप्पाला अनंतात सोडतो आहोत. इन्टू दि व्हेरी अबिस.”

“गणपती बाप्पा!”

“मोरया!”

पाट काठावरून खाली गेला. दोर धरणाऱ्यांनी पाय रोवले, दंड फुगवले, दीर्घ कामाच्या तयारीने श्वास घेतला. ‘पुढच्या वर्षी’ म्हणून झालं, ‘लवकर या’ म्हणायचं होतं, तेवढ्यात चारही दोर सैल पडले.

लवकर या कुणीच म्हटलं नाही.

सगळे वाकले. खाली जलपर्णी बाजूला सारून बाप्पा आरामात बसले होते. पाणी जेमतेम पोटाला. सोंड कोरडी, मुकुट कोरडा, वर केलेला हात तर अगदी स्वच्छ दिसत होता, सगळ्यांना थांबा म्हणून सांगितल्यासारखा.

बाईंनी हातातले टाळ खाली ठेवले.

“पाट तरंगतोय!” अण्णासाहेब म्हणाले. “लाकूड आहे. फ्लोट होतंय ते!”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. तरंगत असेलही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पाटाचा विचार त्यांनी केला नव्हता. मग त्यांनी सेक्रेटरीकडे बघितलं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं.

“विलास. उत्तर येतंय का?”

विलासने एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मांडववाल्यांची शिडी मागवली. त्याची बायको रेवती ओरडली, “अहो, वेडे आहात का? तळ नाहीये त्याला!” हरकेशने म्हशीची गोष्ट पुन्हा सुरू केली. शिडी खाली गेली आणि खट्ट करून कशावर तरी टेकली. विलास एकेक पायरी उतरू लागला. डोकं काठाखाली गेलं.

“काय लागलं?” बाईंनी हाक दिली.

“चिखल!” खालून घुमत आवाज आला. “चिखलाखाली विटा! सायकलचं चाक! बाई, मी उभा आहे! पाणी गुडघ्यापर्यंत आहे फक्त! पाट पण विटांवर बसलाय, हलत सुद्धा नाही!”

पहिली आरोळी कुणी दिली ते कुणालाच सांगता आलं नाही. सी ब्लॉकच्या सभासदांपैकी कुणीतरी असणार. मग मोरया मोरया इतकं दणाणलं, की शेजारच्या सोसायटीतले बंगाली गॅलरीत आले. श्यामरावांनी आयुष्यात प्रथमच चारचौघांत बायकोचा हात धरला, आणि लक्षात आल्यावरही सोडला नाही.

हरकेशने दोन्ही हात जोडले. “गणेसजी ने पाताल भर दिया, बाबूजी! मेरी आँखों के सामने!”

अण्णासाहेब काही उगाच जॉइंट सेक्रेटरी झाले नव्हते. चालत्या गाडीत कसं चढावं हे त्यांना ठाऊक होतं. घसा साफ करून ते म्हणाले, “एक्झॅक्टली. बाप्पाने तळ दिला.” पुढच्या सभेच्या मिनिट्समध्ये तसंच आलं: श्रींच्या कृपेने सदर अबिसला तळ असल्याचे आढळून आले. बाईंचं नाव कुठे नव्हतं. त्यांना ते हवंही नव्हतं. कन्फर्म झालेली मिनिट्स उघडायला देवच लागतो, हे त्यांना मान्य होतं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी विलास खालून पुन्हा ओरडला, “बाई, इथे अजून एक वस्तू आहे!” बाप्पाला हलकेच आडवं करून, मुकुटापर्यंत पाणी देऊन तो शिडीने वर आला. चिखलाने माखलेला, दात तेवढे पांढरे. त्याच्या हातात एक पितळी बत्ता होता.

“हे काय?” अण्णासाहेबांनी विचारलं.

बाईंनी बत्ता घेतला, पदराने पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.

“ही तुमची कड, अण्णासाहेब.”

लोक हसले. अण्णासाहेबही हसले, जरा उशिरा.

ठराव मागे घेतला गेला. आर्किटेक्ट स्वतः आला, बूट चिखलात घालून गेला, आणि विहिरीतला गाळ उपसून, खाली पक्कं भरून सी ब्लॉकचा पाया पडला. हरकेशची खाट कडुलिंबाखालून गेटजवळ आली. तिथे त्याला केबिन मिळाली आणि पंखा. सावलीची तक्रार त्याने पुन्हा केली नाही. इमारत झाल्यावर फ्लॅटच्या सोडती नव्याने निघाल्या. दिघ्यांना सीमधला दुसरा मजला मिळाला. पहिल्या मजल्यावर, नेमके त्यांच्या खाली, अण्णासाहेब आले. बाप्पाला विनोदाचं अंग आहे, असं श्यामराव म्हणाले. निवृत्त झाल्यापासून ते अशी धाडसी विधानं करू लागले होते.

सोसायटीतली मुलं सी ब्लॉकला अजूनही अबिस म्हणतात. अर्थ त्यांना माहीत नाही. मेट्रोतून उतरून मोबाइलवर बोलणाऱ्या पोरी सांगतात, “चलो, अबिस के नीचे मिलते हैं,” आणि सगळ्या वेळेवर पोचतात.

वास्तुशांतीच्या सकाळी बाईंनी पुरणासाठी वेलदोडे घेतले. नकाशातल्या चौकोनात जिथे ठरवला होता तिथेच ओटा होता, देव्हाराही. खल फरशीवर ठेवून त्यांनी बत्ता उचलला आणि हाणायला सुरुवात केली. धण, धण, धण. थोड्या वेळाने खालून खिडकीतून घसा साफ केल्याचा आवाज आला.

“दिघेवहिनी! काय चाललंय काय?”

बाईंनी खिडकीतून खाली वाकून बघितलं. अण्णासाहेब मान वर करून उभे होते.

“तळ आहे का बघतेय, अण्णासाहेब,” त्या म्हणाल्या. “आहे. जेवायला वर या.”